सारा व्हॉन आधी पियानोवर बसली होती

प्रश्न थोडक्यात असा आहे : 'मी दहा-बारा वर्षं सुगम संगीत शिकले. गेल्या वर्षभरात जॅझचा नाद लागला. बिली हॉलिडे आणि एला फिट्झजेराल्ड पटकन आवडल्या, पण सारा व्हॉन ऐकताना मी मध्येच हरवते. मूळ चाल कुठे गेली तेच कळत नाही आणि तिच्यासारखं गायला गेले की सूर सुटतो. ही बाई कोण, कुठून आली आणि तिला ऐकायचं कसं?'

तुम्ही हरवता यात तुमच्या कानाचा काही दोष नाही. मी गेली तीस वर्षं गायकांना पियानोची साथ करतोय आणि साराची एखादी जागा जशीच्या तशी घ्यायला गेलेले भले भले गायक माझ्या डोळ्यांदेखत रस्ता चुकलेले आहेत. एका कार्यक्रमात तर आम्ही दोघंही चुकलो. गायिका तिसऱ्या ओळीत होती, मी चौथ्या ओळीची कॉर्ड (एकदम वाजवलेला तीन-चार सुरांचा गुच्छ) धरून बसलो होतो आणि ड्रमवाला आमच्याकडे बघून हसत होता. त्या रात्री घरी येऊन तीच जागा वीसेक वेळा ऐकली तेव्हा लक्षात आलं की सारा चाल गातच नव्हती. चालीखाली ज्या कॉर्ड्स चालल्या होत्या, त्या ती गात होती. आपण वर बघत होतो, तिचं लक्ष खाली होतं.

याचं मूळ तिच्या लहानपणात आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

सारा लोइस व्हॉन 27 मार्च 1924 रोजी न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहरात जन्मली. वडील सुतारकाम करायचे आणि हौसेखातर गिटार नि पियानो वाजवायचे. आई लोकांचे कपडे धुवायची आणि चर्चच्या गायकवृंदात गायची. सातव्या वर्षी साराची पियानोची शिकवणी सुरू झाली. माउंट झायन बॅप्टिस्ट चर्चमध्ये ती गायची आणि साथही करायची. चर्चमध्ये साथ करणाऱ्या मुलीला काय मिळतं? वरची चाल सगळ्यांनाच ऐकू येते. तिला मात्र मधले आवाज आणि तळातला खर्ज रोज हाताने दाबावा लागतो. कुठला सूर कुठे सरकला की सगळा रंग पालटतो, हे बोटांना कळायला लागतं. न्यूअर्कच्या कलाशाळेत ती गेली खरी, पण शाळेत जीव रमेना. वय बसत नसताना क्लबांमध्ये जाऊन पियानो वाजवणं आणि गाणं चालू झालं आणि शाळा अर्ध्यावर सुटली.

1942 साली न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या अपोलो थिएटरात हौशी कलाकारांच्या स्पर्धेसाठी ती पहिल्यांदा गेली ती एका मैत्रिणीला पियानोची साथ करायला. मैत्रिणीला दुसरं बक्षीस मिळालं. मग साराने ठरवलं, आता आपणच गाऊन बघू. ती 'बॉडी अँड सोल' गायली आणि जिंकली. बक्षीस दहा डॉलर आणि त्याच थिएटरात आठवडाभर गायची संधी. ती संधी नोव्हेंबरमध्ये मिळाली, तीही एला फिट्झजेराल्डच्या कार्यक्रमाआधी गायची.

आता जरा हार्मोनियम जवळ ओढा. 'बॉडी अँड सोल' सहसा काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळी पट्टीला सा धरून, वाजवतात. पहिला भाग दोनदा होतो, मग मधला भाग येतो, आणि तो थेट अर्धा सूर वर, पांढरी दोनमध्ये उडी मारतो. तिथे चार मात्रांची चार आवर्तनं बसतोय न बसतोय तोच पांढरी एकमध्ये उतरतो, आणि तिथून अर्ध्या-अर्ध्या सुराने घसरत पुन्हा काळी एकला येऊन मिळतो. तीन मिनिटांच्या गाण्यात सा दोनदा हलतो. नवख्या गायकाचा पाय नेमका इथेच घसरतो, कारण वरची चाल सोपी वाटते आणि पायाखालची जमीन सरकलेली असते. अठरा वर्षांची मुलगी स्पर्धेसाठी हे गाणं निवडते, याचा अर्थ त्या सरकत्या जमिनीचं तिला भय नव्हतं. तिचे हात त्या रस्त्याने शंभरदा गेलेले असणार.

अपोलोत तिचं नाव झालं आणि लवकरच पियानिस्ट अर्ल हाइन्सने तिला आपल्या बँडमध्ये घेतलं. मुख्य गायक बिली एक्स्टाइन. त्याने तिची शिफारस केली होती असं तो सांगत असे. एप्रिल 1943 मध्ये ती बँडबरोबर उभी राहिली. उभी राहिली काय, बसली! कागदोपत्री ती 'दुसरी पियानिस्ट' होती. गायकांची युनियन वेगळी, वादकांची वेगळी. वादक म्हणून घेतली की ती वादकांच्या युनियनखाली येत होती. कारण कारकुनी होतं, पण घडलं ते भलतंच मोलाचं. त्या बँडमध्ये ट्रम्पेटवर डिझी गिलेस्पी आणि सॅक्सोफोनवर चार्ली पार्कर होते. पुढे ज्याला बीबॉप म्हणू लागले, ते वादन तिथे शिजत होतं आणि ही वादकांच्या रांगेतून ते ऐकत होती.

दुर्दैव असं की त्या बँडचं ध्वनिमुद्रणच नाही. ऑगस्ट 1942 पासून अमेरिकन वादकांच्या युनियनने रेकॉर्ड कंपन्यांविरुद्ध संप पुकारला होता. जॅझच्या इतिहासातलं सगळ्यांत मोठं वळण आणि तेव्हाच मायक्रोफोन बंद. मला अजून हळहळ वाटते.

बीबॉपवाल्यांनी केलं काय? पूर्वीचे वादक चालीला धरून, तिच्याभोवती नक्षी काढत. या मंडळींनी चाल बाजूला ठेवली आणि कॉर्ड धरली, तीही तिच्या टोकाचे सूर धरून, सातवा, नववा, अकरावा. हे नुसतं वाचून कळणार नाही. करून बघा : पांढरी पाचचा सूर गळ्याने धरून ठेवा, सोडू नका. हार्मोनियमवर आधी पांढरी एकची कॉर्ड वाजवा. तुमचा सूर तिथे पंचम आहे, निवांत घरी बसलेला. आता तोच सूर तसाच ठेवून खाली पांढरी तीनच्या अलीकडच्या काळीची मेजर कॉर्ड लावा. सूर हलला नाही, पण तो आता गंधार झाला, उजळला. मग पांढरी सहाच्या अलीकडच्या काळीची कॉर्ड लावा. तोच सूर शुद्ध निषादासारखा टोचायला लागेल. शेवटी पांढरी चारची कॉर्ड. आता तो वरून कुणीतरी डोकावल्यासारखा वाटतो. गळा एकाच जागी, घरं चार झाली. आपल्याकडे तंबोरा सा हलू देत नाही, त्यामुळे ही गंमत आपल्या कानाला उशिरा कळते. सारा लांब सूर धरते तेव्हा हेच चाललेलं असतं. तुम्हाला वाटतं ती थांबली आहे. ती थांबलेली नसते, तिच्याखालून रस्ता जात असतो.

एक्स्टाइनने 1944 मध्ये स्वतःचा बँड काढला आणि तिला बोलावून घेतलं. गिलेस्पी, पार्कर, आर्ट ब्लेकी, डेक्स्टर गॉर्डन, पोरसवदा माइल्स डेव्हिस, कोण कोण त्या बँडमधून गेलं नाही! तिथल्याच पियानिस्ट जॉन मॅलकीने तिला 'सॅसी' हे टोपणनाव दिलं. आपल्या भाषेत तोंडाळ किंवा ठसकेबाज म्हणा. डिसेंबर 1944 मध्ये याच बँडबरोबर तिचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. मे 1945 मध्ये गिलेस्पी आणि पार्करच्या साथीने 'लव्हर मॅन' गायली तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. ते गाणं बिली हॉलिडेने आधीच आपलं करून ठेवलेलं. बिलीचं ऐका आणि लगेच साराचं ऐका. बिली ते दुःख तुमच्या शेजारी बसून सांगते. सारा तेच दुःख खोलीच्या उंचीपर्यंत नेते. तिच्यावर गायकांपेक्षा वादकांचा प्रभाव जास्त, असं ती स्वतःच सांगायची; इथे ते कानाला दिसतं.

पुढची काही वर्षं भरभर सांगतो. 1946 मध्ये तिने ट्रम्पेटवादक जॉर्ज ट्रेडवेलशी लग्न केलं. त्याने वाजवणं सोडलं आणि तिचा कारभार हाती घेतला : कपडे, केस, दात, स्टेजवर उभं राहणं, सगळं. लाजाळू, अंग चोरून उभी राहणारी मुलगी दिमाखात स्टेजवर यायला लागली. 1947 चं 'टेंडरली' आणि 1948 चं 'इट्स मॅजिक' गाजलं. 1948 मध्ये वादकांचा पुन्हा संप झाला तेव्हा तिने 'नेचर बॉय' वाद्यांशिवाय, नुसत्या गायकवृंदाच्या साथीवर मुद्रित केलं. वाद्य नसेल तर माणसांचे गळे कॉर्ड धरतील, चर्चमधल्या पोरीला त्याचं काय! 1949 पासून कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत चार-पाच वर्षं गेली. तंतुवाद्यांच्या गाद्यागिरद्यांवर बसवलेली प्रेमगीतं हा त्यातला मोठा भाग. अपवाद मे 1950 च्या सत्राचा. साथीला ट्रम्पेटवर माइल्स डेव्हिस आहे, आणि तो तिच्या मागून जे कुजबुजतो ते ऐकण्यासारखं आहे.

1954 मध्ये ती मर्क्युरी या रेकॉर्ड कंपनीकडे गेली आणि तिथे फार व्यवहारी तोडगा निघाला. विकली जातील अशी गाणी मर्क्युरीच्या नावाने, जॅझ त्यांच्याच एमआर्सी या लेबलखाली. एका हाताने घर चालवायचं, दुसऱ्या हाताने मन. काही समीक्षक याला तडजोड म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. लग्नाच्या स्वागत समारंभात वाजवून ज्याने कधी महिन्याचं भाडं भरलंय, त्याला हे नाक मुरडणं परवडत नाही. 1959 मध्ये 'ब्रोकन-हार्टेड मेलडी' अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत चढलं आणि तिला पहिली गोल्ड रेकॉर्ड मिळाली. तिला स्वतःला ते गाणं बाळबोध वाटायचं, आणि लोक नेमकी त्याचीच फर्माईश करायचे.

डिसेंबर 1954 मध्ये मात्र त्या दुसऱ्या हाताने जे काम झालं, ते तुम्ही सगळ्यांत आधी ऐका. अल्बमचं नाव नुसतं 'सारा व्हॉन'. ट्रम्पेटवर क्लिफर्ड ब्राउन, बासरीवर हर्बी मॅन, टेनर सॅक्सोफोनवर पॉल क्विनिशेट, पियानोवर जिमी जोन्स, ड्रमवर रॉय हेन्स. ब्राउन तेव्हा चोवीस वर्षांचा होता. दीड वर्षात मोटार अपघातात गेला. 'एप्रिल इन पॅरिस' लावा आणि साराकडे लक्ष न देता फक्त जिमी जोन्सचा पियानो ऐका. तो किती कमी वाजवतो बघा! साथ करणारा माणूस म्हणून मला त्या माणसाचा हेवा वाटतो. तो कॉर्ड पूर्ण भरत नाही, एक-दोन सूर मोकळे सोडतो आणि सारा नेमकी त्या मोकळ्या जागेत पाऊल ठेवते. याच अल्बममधल्या 'ललबाय ऑफ बर्डलँड'मध्ये ती शब्द सोडून देते आणि वाद्यांच्या रांगेत जाऊन उभी राहते. तिथे चौथं वाद्य कोणतं, असा क्षणभर प्रश्न पडतो.

शब्द सोडण्यावरून तिची उणी बाजू सांगतो, कारण तुम्ही सुगम संगीतातून आलात आणि तुम्हाला ती खुपणारच. साराला शब्दांची फार फिकीर नव्हती. एला शब्द स्वच्छ टाकते. बिली तर एकेका शब्दावर जीव ठेवते. साराच्या तोंडी शब्द म्हणजे सूर वाहून न्यायची होडी, कधी कधी तर गळकी. मार्च 1958 मध्ये शिकागोच्या लंडन हाउसमध्ये पहाटे अडीचच्या सुमाराला, हॉटेलची वेळ संपल्यावर, पाहुण्यांसमोर एक कार्यक्रम मुद्रित झाला. शेवटचं गाणं 'थँक्स फॉर द मेमरी'. त्यात 'पार्थेनॉन' या शब्दावर तिची जीभ अडखळली. थांबली, हसली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा गोंधळ. कंपनीने ते सगळं जसंच्या तसं रेकॉर्डवर ठेवलं. माझ्याकडे साराच्या निर्दोष रेकॉर्ड्स पुष्कळ आहेत. दमलेल्या मित्रांना घरी आल्यावर मी ऐकवतो ती हीच. शब्द हातातून निसटलेत, पण सूर एकदाही निसटत नाही, हे बघण्यासारखं आहे.

तिचा दुसरा दोष म्हणजे श्रीमंती. आवाज खालच्या पुरुषी खर्जापासून वरच्या तलम टोकापर्यंत कुठेही विनासायास जायचा, आणि ज्याच्याकडे एवढं असतं त्याला ते खर्च करायचा मोह होतो. साध्या गाण्याच्या शेवटी तीन-तीन वळसे, कंप मुद्दाम रुंद करणं. काही रेकॉर्डवर मला ते जास्तीचं होतं. तिच्या भक्तांना हे सांगितलं की ते भांडायला येतात. येऊ देत.

पैशाची श्रीमंती मात्र टिकली नाही. ट्रेडवेलशी घटस्फोट झाला. 1958 मध्ये क्लाइड ॲटकिन्सशी लग्न आणि पुन्हा नवऱ्याकडेच कारभार. 1961 मध्ये दोघांनी एक मुलगी दत्तक घेतली. 1963 मध्ये हे लग्न मोडलं तेव्हा डोक्यावर सुमारे दीड लाख डॉलर कर्ज असल्याचं उघड झालं आणि पुढे घरही करखात्याने घेतलं. हिशेबाची वही कधी स्वतः न उघडणारे कलावंत आपल्याकडे कमी नाहीत, त्यामुळे यावर मी जास्त बोलत नाही. त्याच दशकातला एक किस्सा मात्र सांगायला हवा. 1965 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या मेजवानीत ती व्हाइट हाउसमध्ये गायली. नंतर ती आत एकटीच रडताना सापडली. काय झालं विचारल्यावर ती म्हणाली ते अशा अर्थाचं : वीस वर्षांपूर्वी या शहरात मला हॉटेलची खोली मिळत नव्हती, आज मी राष्ट्राध्यक्षांबरोबर नाचले. हाइन्सच्या बँडबरोबर हिंडणारी काळी मुलगी कुठून कुठे आली, ते एवढ्यात आलं.

1967 नंतर चारेक वर्षं तिच्याकडे रेकॉर्ड कंपनीच नव्हती. रॉकचा जमाना होता. 1971 पासून ती पुन्हा मुद्रण करू लागली. 1974 नंतर 'सेंड इन द क्लाउन्स' हे तिचं हुकमी गाणं झालं. आवाज उतरला नव्हता, उलट खाली आणखी दाट झाला होता. अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विनच्या रचना तिने वाद्यवृंद-संचालक मायकल टिल्सन थॉमस आणि लॉस एंजेलिसच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर गायल्या. 1982 च्या त्या मुद्रणाला ग्रॅमी मिळालं. स्पर्धेतलं तिचं हे एकमेव ग्रॅमी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीच्या कामासाठी. 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्लू नोट क्लबमध्ये ती शेवटची गायली. सिगारेट आयुष्यभर सुटली नव्हती. फुफ्फुसाच्या कर्करोगाने 3 एप्रिल 1990 रोजी कॅलिफोर्नियात ती गेली. अंत्यविधी न्यूअर्कच्या माउंट झायन बॅप्टिस्ट चर्चमध्येच झाला.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, ऐकायचं कसं. पहिला महिना तंतुवाद्यांच्या रेकॉर्ड्स बाजूला ठेवा. 1954 चा अल्बम झाला की 1961 चा 'आफ्टर अवर्स' घ्या. त्यात फक्त गिटार आणि बास आहे, मंडेल लो आणि जॉर्ज ड्युव्हिविए. वाद्यं इतकी कमी की कॉर्ड तुमची तुम्हालाच ऐकू येईल. गाणं तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त बास, त्याच्याबरोबर गुणगुणत. तळाचा सूर गाता आला पाहिजे, हे ठरवूनच बसा. दुसऱ्यांदा गिटार. तिसऱ्यांदा सारा. तुम्ही आजवर सुरुवातच सारापासून करत होता, म्हणून हरवत होता.

गायचं असेल तर तिच्या जागा पाठ करू नका. ज्या गाण्यात हरवता त्याची मूळ चाल आधी साधी, सरळ, ठेक्यात गा. मग हार्मोनियमवर नुसत्या कॉर्ड वाजवत, प्रत्येक कॉर्डमधला एकच सूर निवडून आ-कारात गा. पुढच्या कॉर्डला जाताना जवळात जवळचा सूर घ्या, उडी मारू नका. दोन आठवड्यांत तुमची स्वतःची एक आडवाट तयार होईल. ती साराच्या वाटेला कुठेतरी भेटेल. तेव्हा कळेल की ती तिथे का वळली होती.

आणि सप्टेंबर 1973 मध्ये टोकियोत मुद्रित झालेला तिचा कार्यक्रम मिळवाच. त्रिकूट साथीला आहे, पियानोवर कार्ल श्रोडर. पण 'द निअरनेस ऑफ यू'च्या वेळी सारा स्वतः पियानोवर बसते. हात फार काही करत नाहीत, चर्चमध्ये वाजवावं तसं भरीव आणि सावकाश. गळा नेहमीसारखा भटकत नाही. पूर्ण मैफलीत ती इतकी साधी कुठेच गायलेली नाही. मी ते हेडफोनवर ऐकतो आणि उजवा कान सोडून डावा हात काय करतोय तेवढंच ऐकत राहतो.